दुमडलेली घोंगडी : हजरत बुरहानुद्दीन गरीब (रह.) यांचे जीवन



वेरूळची लेणी पाहावयास गेलेला प्रवासी जवळच्या खुलताबादेस बहुधा जातोच. मलिक अंबर, बादशहा औरंगजेब अशा नामवंतांच्या कबरी त्या गावी आहेत. परंतु या मंडळींनी अखेरच्या विश्रांतीसाठी हीच भूमी का पत्करली, असा प्रश्न फार थोड्यांना पडतो. त्याचे उत्तर त्यांच्या कितीतरी आधी तेथे विसावलेल्या एका वृद्ध, अशक्त बुजुर्गांपाशी आपणांस घेऊन जाते. हजरत बुरहानुद्दीन गरीब (रहमतुल्लाह अलैह) हे त्यांचे नाव. त्यांच्या इल्मविषयी व तपस्येविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आज मी आपणांस त्यांच्या दुर्बळ देहाविषयी सांगणार आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज असाच एखादा देह अंथरुणावर, खुर्चीवर किंवा काठीच्या आधाराने दिवस कंठीत आहे.

हजरतांचा जन्म हिजरी ६५४, म्हणजे इसवी सन १२५६ च्या सुमारास, सध्याच्या हरियाणातील हांसी येथे झाला. हांसी हे त्या काळी दीनी विद्येचे नामांकित केंद्र होते. बाबा फरीद (रह.) यांचे खलीफा शेख जमालुद्दीन हांसवी हे तेथलेच. अशा वातावरणात बुरहानुद्दीन वाढले, शिकले आणि पुढे दिल्लीस आले. यमुनेकाठी गियासपूर येथे त्या वेळी हजरत निजामुद्दीन औलिया (रह.) यांची जमातखाना भरलेली असे. सुलतानाच्या दरबारात ज्याला कोणी विचारीत नसे त्यालाही तेथे भाकरी मिळे आणि ऐकून घेणारा माणूसही मिळे. बुरहानुद्दीन यांनी तेथे बैअत केली आणि आयुष्यातील मोठा काळ मुर्शिदांच्या सहवासात घालविला. अमीर खुसरो आणि अमीर हसन यांच्यासारखे कवी त्यांच्या स्नेह्यांपैकी होते. ‘गरीब’ ही त्यांची उपाधी. अरबीत या शब्दाचा अर्थ परका, परदेशी. दुनियेत पाहुण्यासारखे राहणाऱ्या माणसास ती शोभून दिसे.

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. अमीर खुर्द किरमानी यांच्या ‘सियरुल औलिया’ या जुन्या फारसी चरित्रग्रंथात तो नोंदलेला आहे.

हजरत सत्तरीच्या घरात पोहोचले होते. शरीर मुळातच नाजूक. त्यात वार्धक्याची भर पडली. उघड्या जमिनीवर फार वेळ बसणे त्यांना सोसेना. म्हणून ते आपल्या घोंगडीची घडी करून तीवर बसू लागले. एवढीच गोष्ट. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याला तिचे नवल वाटणार नाही. आपणही म्हाताऱ्या आईच्या पाठीशी उशी ठेवतो, वडिलांच्या पाटावर गोधडी दुमडून घालतो.

परंतु पाहणाऱ्या दोघांना ती घोंगडी निराळीच दिसली. जमातखान्यात सर्व मुरीद सारख्याच जमिनीवर बसत. उंच आसन हे पीराचे चिन्ह मानले जाई. त्या दोघांनी मुर्शिदांच्या कानी घातले, की बुरहानुद्दीन आता शेखांप्रमाणे आसन मांडून बसू लागले आहेत. त्यांची नावे इतिहासात आहेत. येथे ती उगाळण्याचे प्रयोजन नाही. बातमीत घोंगडी होती. मात्र ती घोंगडी घेण्यास भाग पाडणाऱ्या अशक्तपणाचा उल्लेख त्या बातमीत नव्हता.

मुर्शिद नाराज झाले. मुरीदाच्या मनात अहंकाराचा अंकुर दिसला तर तो वेळीच खुडावा, ही त्या तालमीची रीत होती. बुरहानुद्दीन भेटीस आले तेव्हा हजरत निजामुद्दीन त्यांच्याशी बोलले नाहीत. पाठोपाठ खादिमाने येऊन निरोप दिला, की जमातखान्यातून निघून जावे. ज्या दारात आयुष्य वेचले ते दार सत्तरीत बंद झाले. ते एका स्नेह्याच्या घरी गेले. तेथेही फार दिवस राहणे जमले नाही. अखेर स्वतःच्या घरी परतले आणि शोकात बसून राहिले. घरात मयत झाल्यावर लोक सांत्वनास येतात, तशी दिल्लीची माणसे त्यांना भेटावयास येऊ लागली.

अमीर खुसरोंनी आपल्या या मित्रासाठी मुर्शिदांपाशी रदबदली केली. पहिल्याने यश आले नाही. मग एके दिवशी त्यांनी आपली पगडी उतरून गळ्यात गुंडाळली आणि अपराध्यासारखे मुर्शिदांसमोर जाऊन उभे राहिले. दरबारात मान असलेला तो कवी. अपराध त्याचा नव्हता, तरीही क्षमेची याचना तो करीत होता. मुर्शिदांचे मन द्रवले. बुरहानुद्दीन यांना बोलावणे गेले, क्षमा झाली आणि बैअत नव्याने घेण्यात आली.

या प्रसंगात आपण कोठे उभे आहोत, याचा विचार प्रत्येकाने करावा. मी स्वतः कोठे उभा होतो ते सांगतो.

आमच्या पनवेलीतील मशिदीत एक तरुण येत असे. दारापर्यंत चालत येई आणि आत आल्यावर शेवटच्या सफेत खुर्ची ओढून बसे. जो चालत येऊ शकतो त्याला सजद्यास जमिनीवर टेकता का येऊ नये, असा प्रश्न माझ्या मनात आला. तो प्रश्न त्याला एकट्याला, आपुलकीने विचारावयाचा सोडून मी जुम्याच्या बयानात खुर्चीवर नमाज पढणाऱ्या धडधाकट लोकांवर बोललो. नाव घेतले नव्हते. पण ऐकणाऱ्यांच्या माना मागे वळल्या. त्यानंतर तो तरुण दिसेनासा झाला. पुढे त्याच्या आईकडून कळले, की त्याला स्नायू क्षीण होत जाण्याचा आजार आहे. या विकाराच्या काही प्रकारांत कंबर आणि मांड्यांचे स्नायू आधी दुर्बळ होतात. सपाट वाटेने माणूस बराच काळ चालू शकतो. मात्र जिना चढणे आणि जमिनीवरून उठणे त्याला अशक्यप्राय होते. हातांनी स्वतःच्याच मांड्या रेटीत, टप्प्याटप्प्याने त्याला उभे राहावे लागते. चारचौघांसमोर तसे उठण्याची लाज वाटे म्हणून त्याने खुर्ची घेतली होती आणि मी त्या खुर्चीचीही लाज वाटेल असे केले. मी त्याच्या घरी गेलो आणि माफी मागितली. त्याने मला चहा पाजला. मनाचा तो मोठेपणा त्याचा होता. माझ्या पदरी केवळ शरमिंदगी होती.

त्या दोघांनी घोंगडी पाहिली आणि मी खुर्ची पाहिली. माणूस आम्ही कोणीच पाहिला नाही. बातमी आली तर तिची शहानिशा करावी, बदगुमानीपासून दूर राहावे, ही सूरह हुजुरातची शिकवण आम्ही सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या दुखण्यासमोर तिचा सर्वांत आधी विसर पडतो.

हजरतांच्या जीवनाची खरी थोरवी मात्र या प्रसंगानंतर दिसते. अपमान सोसलेला दुर्बळ माणूस पुष्कळदा कोपऱ्यात जाऊन बसतो. हजरत तसे बसले नाहीत.

इसवी सन १३२५ मध्ये हजरत निजामुद्दीन यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी सुलतान मुहम्मद बिन तुघलक याने देवगिरीस दौलताबाद हे नाव देऊन तेथे राजधानी नेण्याचे ठरविले आणि दिल्लीतील उलेमा, मशायख व प्रतिष्ठितांना दक्षिणेची वाट धरावी लागली. इब्न बतूता या प्रवाशाने दिल्ली ते दौलताबाद हे अंतर चाळीस दिवसांचे सांगितले आहे. ज्यांना जमिनीवर बसण्यास घोंगडीची घडी लागत असे, ते हजरत सत्तरी ओलांडल्यावर त्या वाटेने आपल्या मराठी मुलुखात आले. त्यांचे बंधू हजरत मुन्तजिबुद्दीन जरजरी जरबख्श (रह.) हे त्यांच्याआधीच येथे येऊन खुलताबादच्या भूमीत विसावले होते, असे परंपरा सांगते.

काही काळाने राजधानी पुन्हा दिल्लीस गेली, अनेकजण परतले. हजरत येथेच राहिले. त्यांची मजलिस दख्खनेत दीनी शिक्षणाचे मोठे केंद्र झाली. काशानी घराण्यातील भाऊ त्यांचे मुरीद होते. त्यांपैकी रुक्नुद्दीन यांनी हिजरी ७३२ पासून हजरतांच्या निधनापर्यंत त्यांच्या मजलिसींतील शिकवण टिपून ठेवली. ‘नफाइसुल अनफास’ या नावाने ती ओळखली जाते. हे वर्षांचे गणित लक्षात घ्या. ज्या शिकवणीमुळे आज आपण हजरतांना ओळखतो, ती त्यांच्या पंचाहत्तरीनंतरची आहे. पाय थकले होते, शरीर खंगत होते आणि अखेरीस तर दीर्घ आजाराने त्यांना घेरले. तरी मजलिस चालू होती. उठून लोकांकडे जाणे कठीण झाले, तेव्हा लोक त्यांच्याकडे येत राहिले.

शीराजहून आलेले विद्वान जैनुद्दीन यांना आरंभी सूफींच्या काही रीती मान्य नव्हत्या. ते हजरतांच्या सहवासात आले आणि त्यांचे मुरीद झाले. निधनाच्या सुमारे वर्षभर आधी हजरतांनी त्यांना खिलाफत देऊन पुढील व्यवस्था लावून दिली. हिजरी ७३८ च्या सफर महिन्याच्या ११ तारखेस, इसवी सन १३३७ च्या सप्टेंबरात, हजरत अल्लाहच्या रहमतीत गेले. पुढे फारुकी सुलतानाने तापीकाठी शहर वसविले तेव्हा त्याला हजरतांचे नाव दिले. तेच आजचे बुऱ्हाणपूर. नदीच्या दुसऱ्या काठावरील जैनाबाद हे हजरत जैनुद्दीन यांच्या नावाचे. ज्या माणसाला बसण्याच्या जागेवरून बोल लावला गेला, त्याच्या नावाचे एक शहर आजही उभे आहे.

वाचकहो, आपल्या घरी जो आजारी आहे त्याला ही कहाणी वाचून दाखवा आणि तिच्यासोबत दीनची सवलतही समजावून सांगा. प्रेषितांचे साथी हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) हे आजारी असताना प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्यांना उभे राहणे जमले नाही तर बसून आणि तेही जमले नाही तर कुशीवर होऊन नमाज अदा करण्याची शिकवण दिली. ज्याला रुकू व सजदा करता येत नाही त्याने इशाऱ्याने करावे आणि सजद्यासाठी रुकूपेक्षा थोडे अधिक वाकावे. कोकणातील आपण बहुतेक शाफई मसलकाचे आहोत. आपल्या फुकहांनी तर मान हलवणेही शक्य नसल्यास पापण्यांच्या इशाऱ्याने आणि तेही न जमल्यास अंतःकरणाने नमाज अदा करण्याची वाट दाखविली आहे. वुजूसाठी दुसऱ्याने पाणी घालावे, हात-पाय धुऊन द्यावे, यात काहीही कमीपणा नाही. निरोगीपणी जी इबादत माणूस करीत असे, आजारपणात तिचा सवाब त्याच्या नावे लिहिला जातो, अशी खुशखबरही हदीसमध्ये आहे.

कोणाला काठी, खुर्ची किंवा दुसऱ्याचा खांदा घेण्याची लाज वाटत असेल, तर त्याने प्रेषितांचे (सल्ल.) अखेरचे आजारपण आठवावे. दोन माणसांच्या आधाराने ते मशिदीत आले होते आणि त्यांचे पाय जमिनीवर ओढले जात होते. तो आधार त्यांनी सर्व लोकांसमोर घेतला. सवलत ही अल्लाहची देणगी आहे. ती नाकारून देहाला ताणणे म्हणजे तकवा नव्हे. स्नायूंच्या विकारांत तर अतिश्रमाने अपाय होऊ शकतो. म्हणून किती चालावे, कोणता व्यायाम करावा हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. दुआ करावी आणि इलाजही चालू ठेवावा. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. त्यांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन हे आजार समाविष्ट आहेत. त्याचे प्रमाणपत्र काढून घेणे हा आपला हक्क आहे. ती भीक नव्हे.

आणि जे धडधाकट आहेत त्यांच्यासाठी अमीर खुसरोंचे उदाहरण आहे. दुर्बळाची बाजू मांडण्यासाठी त्यांनी स्वतःची पगडी गळ्यात घेतली. आपणांस एवढे करावे लागणार नाही. मशिदीच्या पायरीला उतार करून द्यावा, वुजूखान्यात धरावयास दांडी बसवावी, हात टेकता येतील अशा दोन भक्कम खुर्च्या ठेवाव्यात आणि त्यांवर कोण बसले याची चौकशी करू नये. आमच्या मशिदीत आता एवढे झाले आहे. तो तरुण जुम्याच्या गर्दीत अजून येत नाही, असरला येतो. त्याची खुर्ची सफेच्या टोकाला असते आणि शेजारचा माणूस त्याच्या खांद्याशी खांदा लावून उभा राहतो.

अल्लाह आपल्या आजारी बांधवांना शिफा देवो, त्यांची सेवा करणाऱ्या हातांना बळ देवो आणि आम्हांस दुसऱ्याची दुमडलेली घोंगडी समजून घेण्याची नजर देवो. आमीन.