सूक्ष्म पुराव्यांचे अभ्यासक : बिरबल साहनी

महाराष्ट्रातील डोंगरांचा काळा कातळ आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. हा कातळ म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेला आणि थंड झालेला लाव्हारस होय. त्याचे सर्व थर एकाच वेळी साचले नाहीत. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तेथे तळी निर्माण झाली, वनस्पती वाढल्या आणि पुढच्या थराखाली गाडल्या गेल्या. अशा गाडल्या गेलेल्या वनस्पतींच्या अभ्यासाला पुरावनस्पतिविज्ञान म्हणतात. भारतात या विज्ञानाचा भक्कम पाया घालण्याचे श्रेय प्रामुख्याने लखनौ विद्यापीठातील प्राध्यापक बिरबल साहनी यांना जाते.

साहनींचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी पंजाबातील भेरा या गावी झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. त्यांचे वडील रुचीराम साहनी लाहोरच्या शासकीय महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. लाहोर येथे पदवी घेतल्यावर १९११ मध्ये बिरबल केंब्रिजला गेले. तेथे प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ सीवर्ड यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले. १९१९ मध्ये ते मायदेशी परतले. बनारस आणि लाहोर येथे अल्पकाळ अध्यापन केल्यानंतर १९२१ मध्ये ते लखनौ विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि अखेरपर्यंत लखनौ हीच त्यांची कर्मभूमी राहिली.

एखादी जाती नवी आहे असे म्हणणे सोपे असते; ते सिद्ध करणे मात्र कठीण असते. त्यासाठी पूर्वी वर्णन झालेल्या सर्व जवळच्या जातींशी तिची तुलना करावी लागते. जीवाश्मांच्या बाबतीत ही अडचण अधिकच वाढते, कारण अखंड वनस्पती क्वचितच हाती लागते. दगडाच्या चकत्या कापायच्या, त्यांतून प्रकाश आरपार जाईल इतक्या त्या घासून पातळ करायच्या आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना तपासायची, असे हे चिकाटीचे काम असते. शेवटी आकृत्या, मापे आणि वर्णन प्रसिद्ध करून नमुना जपून ठेवावा लागतो. पुढे कोणालाही तो पुन्हा तपासता यावा, हा त्यामागील हेतू असतो. १९३२ मध्ये साहनींनी राजमहाल टेकड्यांतील एका नव्या जातीचे असेच वर्णन केले आणि गुरूंच्या स्मरणार्ह ऋणाची नोंद म्हणून तिला विल्यम्सोनिया सीवर्डियाना हे नाव दिले.

नागपूरच्या उत्तरेस, मध्य प्रदेशातील मराठीभाषक सौंसर परिसरात लाव्हाच्या थरांमध्ये गारगोटीसारखे कठीण दगड सापडतात. त्यांत साहनी आणि त्यांचे सहकारी एच. एस. राव यांना एका पाणनेच्याचे बीजाणू आढळले. त्यांचा आकार एका मिलिमीटरहूनही लहान होता. आज आपले शेतकरी जनावरांसाठी जो अझोला वाढवतात, त्याचाच हा प्राचीन नातलग होय. लाव्हाच्या थरांमध्ये सापडला म्हणून त्याला अझोला इंटरट्रॅपिया असे नाव मिळाले.

या इवल्याशा वनस्पतीमुळे एक मोठा प्रश्न पुढे आला. दख्खनचा लाव्हा क्रेटेशस कालखंडातील की त्यानंतरच्या तृतीयक कालखंडातील, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद होते. अझोला आणि ताडाच्या कुळातील अवशेषांच्या आधारे साहनींनी तो तृतीयक कालखंडातील असल्याचे मांडले. अझोला क्रेटेशस काळातही होता, हे पुढे स्पष्ट झाले. हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, या दोन कालखंडांच्या सीमेवरच बाहेर पडला, असे आधुनिक मापनांवरून दिसते. एका बाजूचा संपूर्ण विजय झाला नाही. परंतु वनस्पतींचे अवशेषही खडकांच्या वयाविषयी साक्ष देऊ शकतात, हे सर्वांना मान्य करावे लागले.

दुसऱ्या एका वादात मात्र साहनींचा निष्कर्ष टिकला नाही. त्यांच्या जन्मगावाजवळील सॉल्ट रेंज या डोंगररांगेतील मिठाच्या थरांत त्यांना लाकडाचे सूक्ष्म कण आणि कीटकांचे अवशेष आढळले. त्यावरून त्यांनी हे थर बरेच अलीकडचे ठरवले. आज ते ५० कोटी वर्षांहून जुने मानले जातात. सूक्ष्म पुरावा बोलका असतो. पण तो त्याच थरातला आहे की नंतर तेथे शिरला आहे, याची खात्री करणे किती आवश्यक असते, हे यावरून ध्यानात येते.

राजमहाल टेकड्यांतील निपानिया येथे खोड, पाने आणि बीजे सुटी सुटी मिळाली होती आणि त्यांना वेगवेगळी नावे देण्यात आली होती. हे सारे एकाच वनस्पतिगटाचे अवयव आहेत, असे साहनींनी १९४८ मध्ये दाखवून दिले. पेंटॉक्सिली या नावाने तो नवा गट जगाला माहीत झाला. त्याआधीच, १९३६ मध्ये, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व दिले होते.

जपून ठेवलेले नमुने आणि त्यांचा अभ्यास करणारी माणसे यांच्यासाठी स्वतंत्र संस्था असावी, असे साहनींचे स्वप्न होते. त्यासाठी त्यांनी व त्यांच्या पत्नी सावित्री यांनी आपली मालमत्ता, ग्रंथ आणि जीवाश्मसंग्रह अर्पण केला. ३ एप्रिल १९४९ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते लखनौ येथे इमारतीची पायाभरणी झाली. पायाभरणीच्या त्या शिळेत जीवाश्म बसवलेले होते. एका आठवड्यातच, १० एप्रिल रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने साहनींचे निधन झाले. सावित्रीबाईंनी दुःख बाजूला सारून संस्थेची धुरा खांद्यावर घेतली आणि १९५३ मध्ये नवी वास्तू उभी राहिली.

आज ही संस्था बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते. साहनींचे काही निष्कर्ष काळाच्या कसोटीवर उतरले, तर काही बदलावे लागले. ते तपासता आले, कारण त्यांनी आपल्या मतांबरोबर त्यांचे पुरावेही पुढच्या पिढ्यांच्या हाती सोपवले होते.