तोरेसची तबली

गॅदरिंगच्या स्टेजवर कुणी गिटार घेऊन आला की टाळ्या आधी पडतात, सूर मागाहून लागतो. वादकाचे नाव सर्वांना ठाऊक असते. वाद्य घडवणाऱ्याचे नाव कुणी विचारीत नाही. आज शास्त्रीय गिटार म्हणून जे वाद्य जगभर वाजते, त्याचा बांधा ज्याने कायम केला तो एक स्पॅनिश सुतार होता. त्याची ही हकिगत.

अँतोनियो द तोरेस हुरादो याचा जन्म १३ जून १८१७ रोजी दक्षिण स्पेनमध्ये, अल्मेरिया शहरालगतच्या एका वस्तीत झाला. वडील करवसुलीच्या कामावर होते. त्यांनी मुलाला बाराव्या वर्षी सुताराच्या हाताखाली घातले. १८३३ मध्ये राजगादीच्या वारसावरून यादवी पेटली आणि या पोराला सैन्यात ओढण्यात आले. वडिलांनी खटपट करून, प्रकृतीचे कारण दाखवून, त्याला सोडवून आणले. पुन्हा बोलावणे येऊ नये म्हणून १८३५ मध्ये घरच्यांनी घाईघाईने त्याचे लग्न उरकले. नवरी तेरा वर्षांची. तीन मुली झाल्या, त्यांतल्या दोन गेल्या. १८४५ मध्ये बायकोही क्षयाने गेली. तेव्हा ती अवघी २३ वर्षांची होती. डोक्यावर कर्ज होतेच. कलावंतांच्या चरित्रात असले प्रसंग आपण भराभर वाचून पुढे जातो, पण पुढे या माणसाने लाकूड किती जपून वापरले हे पाहताना हे दिवस आठवावे लागतात.

नशीब काढायला तो सेव्हिलला गेला. तिथे गिटारी बनवू लागला, तरी हाच आपला धंदा असे त्याने ठरवले ते १८५० नंतर, हुलियान आर्कास या नामांकित वादकाच्या सांगण्यावरून. त्या काळची गिटार लहान चणीची आणि दबक्या आवाजाची असे. बैठकीत ती गोड वाटे. मोठ्या दिवाणखान्यात मागच्या रांगेपर्यंत पोचत नसे. आर्कासला मोठा आवाज हवा होता. तोरेस त्या मागे लागला.

गिटारीच्या पोटावरची जी पातळ फळी असते, तिला मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांचा शब्द वापरून आपण तबली म्हणू. तारेचे कंपन घोडीवाटे या तबलीत उतरते आणि तबली हवेला हलवते. तबली जड असली तर तारेची बिचारीची सगळी शक्ती तिला हलवण्यातच खर्च होते. मग ती पातळ का करू नये? इथे मोठी अडचण आहे. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. ३ मिलिमीटरची फळी रंधून अडीचवर आणली तर वजन सहाव्या हिश्शाने कमी होते, पण ताठपणा जवळजवळ निम्म्यावर येतो. तारांचा ओढा सतत चालू असतो. फळी वाकते, कधी फाटते. तोरेसने तबली पातळ केलीच, काही वाद्यांत कडेला तर दीड मिलिमीटरच्या आसपास. मग तिला दोन्ही दिशांनी किंचित घुमटासारखा बाक दिला आणि आतून पंख्याच्या काड्यांसारख्या, बहुधा सात, बारीक पट्ट्या सरसाने चिकटवल्या. पंख्याची रचना त्याच्या आधीही स्पेनमध्ये होती. तिला प्रमाणबद्ध करून मोठ्या अंगाच्या गिटारीत बसवण्याचे श्रेय मात्र त्याचे. १८५८ मध्ये सेव्हिलच्या प्रदर्शनात त्याला कांस्यपदक मिळाले. ते वाद्य नक्षीकामाने मढवलेले होते. परीक्षकांचे डोळे आणि कान यांपैकी कोण आधी जिंकले, ही शंका मला उगाच येते.

त्याच्या स्वतःच्या मनात असली शंका नव्हती, हे १८६२ सालच्या एका गिटारीवरून दिसते. आवाज तबलीचा असतो, पाठीच्या आणि कडांच्या किमती लाकडाचा नव्हे, हे सिद्ध करायला त्याने पाठ आणि कडा कागदाच्या लगद्याच्या केल्या. तबली तेवढी लाकडी. ही गिटार बार्सेलोनाच्या संगीत संग्रहालयात जपून ठेवली आहे. वाजवण्याच्या अवस्थेत ती आता नाही.

१८६९ मध्ये फ्रान्सिस्को तारेगा नावाचा एक तरुण विद्यार्थी त्याच्या दुकानात आला. तोरेसने आधी त्याला बेताच्या किमतीची एक गिटार दाखवली. पोराने ती वाजवली. ऐकून तोरेस आत गेला आणि १८६४ मध्ये स्वतःसाठी बनवून ठेवलेली गिटार घेऊन आला. तारेगाने ती पुढे जवळजवळ वीस वर्षे वाजवली आणि तोरेसचे नाव स्पेनभर झाले.

गंमत अशी, की ते नाव होत असताना तोरेस स्वतः चिनी मातीची आणि काचेची भांडी विकत होता! १८७०च्या सुमारास सेव्हिलचे दुकान बंद करून तो अल्मेरियाला परतला होता. दुसऱ्या बायकोच्या साथीने त्याने तिथे भांड्यांचे दुकान थाटले. गिटारीवर पोट भरत नव्हते, एवढाच याचा अर्थ. पाच वर्षांनी हात पुन्हा शिवशिवू लागले. या काळातल्या गिटारींच्या आतल्या चिठ्ठीवर तो दुसरा कालखंड असे छापू लागला.

या दुसऱ्या कालखंडातले लाकूड पाहण्यासारखे आहे. तबलीला लागणारा स्प्रूस थंड मुलखातला; अल्मेरिया म्हणजे ओसाड, कोरडा प्रदेश. चांगली फळी लांबून यायची आणि महाग पडायची. एरवी तबली दोन जुळ्या फळ्यांची करतात. तोरेसच्या साध्या गिटारींत ती तीन, कधी चार तुकडे जोडून केलेली सापडते. रेषा कुठे दाट, कुठे विरळ. रंगही एकसारखा नाही. सावकाराने नाकारावे असे हे रूप. पण स्प्रूसचे बळ लांबीच्या दिशेने असते, आणि रेषेला समांतर दिलेला सरसाचा सांधा ते बळ तोडत नाही. गाठ कापून टाका, उरलेल्या अरुंद पट्ट्या जोडा. आवाजाला कळतही नाही. म्हणून कसलेही लाकूड चालते असे मात्र नव्हे. रेषा तिरपी कापली गेली असेल तर तीच फळी पातळ करताच दगा देते. कोणता दोष केवळ डोळ्यांना खुपतो आणि कोणता आवाजाला मारतो, हे त्याला फळी हातात घेताच समजत असावे.

१८८३ मध्ये दुसरी बायकोही वारली. त्यानंतर तो जवळजवळ सारा वेळ गिटारीला देऊ लागला. काही वर्षांत बारापर्यंत वाद्ये झाली. पण वय झाले होते, हात थरथरू लागले होते. हुआन मार्तिनेस सिरवेंत नावाचा एक धर्मगुरू त्याच्याकडे येऊन नाजूक कामाला हातभार लावी. याच सिरवेंतने १९३१ मध्ये एका पत्रात एक आठवण लिहून ठेवली. जेवणाच्या पंगतीत कुणीतरी तोरेसला त्याच्या गिटारींचे गुपित विचारले, आणि ते जगासाठी मागे ठेवावे असा आग्रह धरला. तोरेसने सांगितले की ते ठेवता येण्यासारखे नाही, माझ्याबरोबरच जाईल. कारण ते अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकात आहे, तबली चिमटीत धरली की ती बोटेच सांगतात.

१९ नोव्हेंबर १८९२ रोजी, पंचाहत्तराव्या वर्षी, अल्मेरियात त्याचे निधन झाले. हात थरथरत असतानाही तबलीची जाडी तो त्या दोन बोटांनीच पाहत असे.