अमेरिकेच्या राज्यघटनेचे जनक : जेम्स मॅडिसन

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हटलं की वॉशिंग्टन, लिंकन ही नावं पटकन तोंडावर येतात. चौथे राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन मात्र मागेच राहतात. माणूसही तसाच होता. उंची साधारण सव्वापाच फूट, अंगाने किडकिडीत, आणि आवाज इतका बारीक की सभेत मागच्यांना नीट ऐकू येत नसे.

त्यांचा जन्म 16 मार्च 1751 रोजी व्हर्जिनियात झाला. तेव्हा ही ब्रिटिशांची वसाहत होती. वडिलांची तंबाखूची मोठी शेती होती आणि ती कसायला गुलाम होते. जेम्स 12 भावंडांत थोरले. त्यांचं शिक्षण प्रिन्स्टनला झालं. 1777 साली ते व्हर्जिनियात निवडणुकीला उभे राहिले. उमेदवाराने मतदारांना दारू पाजायची, अशी तिथे रीतच होती. मॅडिसन यांनी ती पाजली नाही, आणि ते पडले!

ब्रिटिश गेले, पण 13 राज्यं नुसती नावाला एकत्र होती. मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवायचाही अधिकार नव्हता. मग सैनिकांचा पगार कुठून द्यायचा, कर्ज कसं फेडायचं? पूर्वीची संघराज्यं का मोडली हे शोधायला मॅडिसन यांनी जेफरसनकडून पॅरिसहून पुस्तकं मागवली, पेट्याच्या पेट्या! म्हणजे बघा, आधी अभ्यास आणि मग सभा.

25 मे 1787 ला फिलाडेल्फियात घटना परिषद सुरू झाली. चर्चा गुप्त राहावी म्हणून ऐन उन्हाळ्यात खिडक्या बंद. मॅडिसन पुढे बसून प्रत्येकाचं बोलणं टिपून घेत आणि रात्री खोलीवर ते नीट लिहून काढत. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ वेगवेगळी हवीत, असा त्यांच्या व्हर्जिनिया योजनेचा गाभा होता. 17 सप्टेंबरला 39 जणांनी सह्या केल्या. पण या घटनेत नागरिकांच्या हक्कांची यादीच नव्हती. (आपल्या राज्यघटनेत मूलभूत हक्क पहिल्यापासून आहेत, हे तुम्ही नागरिकशास्त्रात वाचलंच असेल.) मॅडिसन यांनाही आधी अशा यादीची गरज वाटत नव्हती. लोकांचा आग्रह पाहून त्यांनी मत बदललं आणि 1789 मध्ये स्वतःच दुरुस्त्या मांडल्या. त्यांपैकी 10 दुरुस्त्या 1791 मध्ये मंजूर झाल्या.

आता एक गोष्ट, जी पुस्तकात सहसा नसते. 1783 साली मॅडिसन फिलाडेल्फियाहून घरी निघाले. सोबत बिली नावाचा गुलाम होता. स्वातंत्र्याची हवा लागलेल्या बिलीला परत नेलं तर इतर गुलामही बिघडतील, असं त्यांना वाटलं. पण आपण ज्यासाठी रक्त सांडलं तेच त्यानेही मागितलं, तर शिक्षा कशी करायची? मग त्यांनी बिलीला तिथेच विकलं. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यामुळे ती विक्री 7 वर्षांपुरतीच होती. म्हणजे कळत होतं सगळं. तरी बाकीच्या गुलामांना त्यांनी मृत्युपत्रातही मुक्त केलं नाही. मला तरी याचं समर्थन करता येत नाही.

1809 ते 1817 ते राष्ट्राध्यक्ष होते. 1814 मध्ये इंग्रजांनी वॉशिंग्टनमध्ये घुसून राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान जाळलं, ते त्यांच्याच काळात. 28 जून 1836 रोजी ते वारले. घटना परिषदेतले सगळे सहकारी त्यांच्या आधीच गेले होते. परिषदेची टिपणं त्यांनी हयातीत छापू दिली नाहीत. ती 1840 मध्ये प्रसिद्ध झाली. आज त्या बंद खोलीत काय घडलं ते कळतं, ते मुख्यतः त्यांच्यामुळेच.

शेवटच्या क्षणी पॉल जेनिंग्ज हा गुलाम त्यांच्याजवळ होता. तो पुढे 1847 मध्ये स्वतंत्र झाला. मॅडिसन यांच्या पत्नी डॉली तोवर कर्जाने गांजल्या होत्या. जेनिंग्ज अधूनमधून त्यांना भेटायला जाई आणि आपल्या खिशातले थोडे पैसे देऊन येई.