शेवटची दोफीन

फ्रान्सच्या युवराज्ञीस ‘दोफीन’ म्हणत. दोफिने प्रांताच्या अधिपतींच्या ढालीवर डॉल्फिनचें चिन्ह असे. १३४९ सालीं फ्रान्सनें तो प्रांत विकत घेतला. पुढें ही पदवी युवराजास व त्याच्या पत्नीस मिळूं लागली.

सोळाव्या लुईची कन्या मारी तेरेझ ही शेवटची दोफीन. तिचा जन्म १७७८ चा. राज्यक्रांतींत सारें कुटुंब कैदेंत पडलें. १७९३ सालीं मातापित्यांचा शिरच्छेद झाला. १७९५ सालीं धाकटा भाऊहि कैदेंतच वारला. त्याच वर्षअखेर ती एकटी सुटली. १७९९ सालीं तिनें चुलतभावाशीं विवाह केला. १८२४ सालीं सासरा राजा होतांच ती दोफीन झाली. १८३० च्या क्रांतीनें तेंहि पद गेलें. १८५१ सालीं ती ऑस्ट्रियांत निवर्तली.

पदवी विकत घेतलेल्या प्रांताबरोबर आली व सिंहासनाबरोबर गेली. धैर्य मात्र तिचें स्वतःचें होतें, असें आम्ही समजतों.