सहा पेन्सची अंगठी

ताईच्या साखरपुड्याच्या अंगठ्या घ्यायला आम्ही खामगावला गेलो होतो. गाव चांदीसाठी नावाजलेलं, पण सोन्याच्या दुकानातही पाय ठेवायला जागा नव्हती. काउंटरपाशी बसतो न बसतो तोच दोन ट्रे पुढे आले. एक लेडीज, एक जेन्ट्स. इकडे नाजूक, खड्याच्या, वेलबुट्टीच्या. तिकडे जाड, सपाट, चौकोनी. ताई बघत होती आणि माझ्या डोक्यात भलताच प्रश्न आला. समोर दोन मुलींचं जोडपं बसलं असतं, तर या काकांनी कोणता ट्रे काढला असता?

हसू नका. हाच प्रश्न जवळपास दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका बाईला पडला होता. तिचं नाव अ‍ॅन लिस्टर.

जन्म ३ एप्रिल १७९१, यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्स गावात. वडील फौजेत. पुढे काकांच्या मागे शिबडेन हॉल हा वाडा आणि त्याची जमीन तिच्याकडे आली. आपल्याकडच्या पाटलाच्या वाड्यासारखंच समजा, फक्त इथे पाटील बाई होती. कायम काळे कपडे, लांब लांब ढांगा टाकत चालणं, वसुलीत पक्की. स्वतःच्या जमिनीत तिने कोळशाची खाणही काढली. १८३८ मध्ये पिरेनीज पर्वतातलं व्हिन्येमाल शिखर चढली, तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती.

तिची हिरॉईन करायचा मोह मात्र टाळा. मतदानाच्या वेळी कुळांवर दबाव टाकणारी ती जमीनदार होती. बाईला मत नसलं तरी आपल्या कुळांची मतं कुठे पडावीत हे तिला ठरवायचं असायचं.

यॉर्कच्या बोर्डिंग शाळेत तिची मैत्री एलायझा रेन हिच्याशी झाली. एलायझाचा जन्म आपल्या मद्रासचा, वडील इंग्रज डॉक्टर आणि आई भारतीय. या दोघींची एक सांकेतिक लिपी होती, ग्रीक अक्षरं आणि बीजगणिताची चिन्हं मिसळून केलेली. व्हॉट्सअ‍ॅप चॅट लॉक समजा! पुढे लिस्टरने आयुष्यभर डायरी लिहिली, सुमारे पन्नास लाख शब्द, आणि त्यातला मनातला भाग याच लिपीत. एलायझाचं आयुष्य मात्र मनोरुग्णालयात सरलं.

मग आली मारियाना. दोघींचं खूप जमलं, पण १८१६ मध्ये मारियानाने एका श्रीमंत पुरुषाशी लग्न केलं. आणि ऐका, त्यांच्या हनिमूनला लिस्टर सोबत होती. तेव्हा तशी पद्धतच होती, नवरीबरोबर मैत्रिणी जायच्या. तिच्या मनाचं काय झालं असेल, ते तुम्हीच ठरवा.

१८३४ साली ती बेचाळीस वर्षांची. शेजारच्या इस्टेटीची वारस अ‍ॅन वॉकर तिच्या आयुष्यात आली होती. वॉकरकडे पैसा होता आणि लिस्टरला तो हवाही होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तिला आणखी काही हवं होतं. लग्न.

आता अंगठी. त्या काळी इंग्लंडमध्ये लग्नाची अंगठी बहुतेक बायकोच्याच बोटात असायची. नवरा घालायचा, बायको घालून घ्यायची. आपल्याकडे मंगळसूत्र आणि जोडवी जशी एकाच बाजूला असतात, तसंच. मग दोघीही बायकाच असतील तर कोण कुणाला घालणार? लिस्टरच्या बोटात आधीच एक साधी सोन्याची अंगठी होती. फेब्रुवारीत तिने ती काढून वॉकरला दिली आणि सोबत सहा पेन्स ठेवले, वॉकरने त्यातून तिला अंगठीची किंमत द्यावी म्हणून. म्हणजे व्यवहार झाला, अंगठी वॉकरची झाली. वॉकरने ती लगेच परत दिली नाही. थोडा वेळ स्वतःच्या बोटात ठेवली आणि लँग्टन गाव आल्यावर लिस्टरच्या डाव्या हाताच्या तिसऱ्या बोटात घातली. फारसं कुणी काही बोललं नाही.

डिझाइन म्हणाल तर काहीच नाही. ना खडा, ना नक्षी. तशी अंगठी यॉर्कशायरमधल्या कुठल्याही बाईच्या हातात दिसली असती आणि तिथेच तर खरी गंमत आहे. लपवलेलं काहीच नव्हतं, तरी कुणाला कळलं नाही.

३० मार्च १८३४ ला ईस्टर होता. त्या रविवारी दोघींनी यॉर्कच्या गुडरॅमगेटवरच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये एकत्र प्रसाद घेतला. दोघींच्या लेखी लग्न लागलं. कायद्याच्या लेखी दोन बायका प्रार्थनेला आल्या होत्या.

पाच वर्षांनी दोघी रशिया आणि कॉकेशसच्या प्रवासाला गेल्या. जॉर्जियात लिस्टरला ताप आला आणि २२ सप्टेंबर १८४० ला ती गेली. वय ४९. वॉकरने तिचा मृतदेह घरी आणला. तिकडे रेल्वे नाही, विमान नाही. दफन व्हायला पुढच्या वर्षीचा एप्रिल उजाडला. मृत्युपत्रामुळे वॉकर शिबडेनमध्ये राहू शकली, पण १८४३ मध्ये तिला वेडी ठरवून वाड्यातून नेण्यात आलं. शिबडेन पुढे लिस्टर घराण्यातल्याच जॉन लिस्टरकडे आलं. त्याने एका मित्राच्या मदतीने डायरीची लिपी सोडवली. वाचून मित्र म्हणाला, जाळून टाक. जॉनने जाळली नाही, भिंतीच्या लाकडी फळ्यांमागे लपवली. म्हणून हे सगळं आज आपल्याला माहीत आहे.

इंग्लंडमध्ये समलिंगी जोडप्यांची कायदेशीर लग्नं २९ मार्च २०१४ ला सुरू झाली. हिशेब करा, त्या ईस्टरला १८० वर्षं पूर्ण व्हायला एकच दिवस बाकी होता. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने असे संबंध गुन्हा नाहीत असं सांगितलं, पण १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. तेव्हा आपल्याकडे आजही अशी अंगठी घेता येते, घालता येते. रजिस्टरमध्ये नोंद तेवढी होत नाही.

२०१८ मध्ये त्या यॉर्कच्या चर्चवर लिस्टरच्या नावाची गोल पाटी लागली. काठ इंद्रधनुष्याचा, पण मजकुरात ती लेस्बियन होती हा शब्दच नव्हता. लोकांनी आवाज उठवला आणि २०१९ मध्ये पाटी बदलली. नव्या पाटीवर तो शब्द आहे.