स्वतःच्या बंद पडलेल्या ट्रकमागे धावणारा मालक : टोयोटा उभी करणारे किइचिरो टोयोडा

जुनी इनोव्हा किंवा फॉर्च्युनर बघायला गेलं की एक अनुभव सगळ्यांना येतो. गाडी दीड-दोन लाख किलोमीटर पळालेली असली तरी मालक किंमत खाली आणत नाही, आणि तरीही गिऱ्हाईक मिळतं. एवढा भरवसा या गाड्यांवर बसला कसा? त्याची सुरुवात जपानमधल्या एका माणसापासून होते. नाव किइचिरो टोयोडा. गंमत म्हणजे त्यांनी बाजारात आणलेली पहिली गाडी रस्त्यात सारखी बंद पडायची.

सुताराचा नातू

किइचिरो यांचा जन्म ११ जून १८९४ चा, जपानच्या शिझुओका प्रांतातल्या यामागुची या खेड्यातला. आजोबा शेती आणि सुतारकाम करायचे. वडील साकिची यांना मात्र एकच वेड होतं, कापड विणायचा माग सुधारायचा. त्या नादात त्यांचं घराकडे, पोटापाण्याकडे लक्ष नसायचं. किइचिरो अगदी तान्हे असताना आई घर सोडून गेली आणि पहिली काही वर्षं त्यांना आजी-आजोबांनी सांभाळलं.

साकिचींनी पुढे माग बनवण्यात मोठं नाव काढलं. त्यांच्या मागाची खुबी समजून घेतली तर टोयोटा कंपनीची अर्धी गोष्ट समजते. साध्या यंत्रमागावर धागा तुटला आणि कामगाराच्या लक्षात आलं नाही, तर माग चालूच राहतो आणि खराब कापड निघत राहतं. साकिचींनी अशी सोय केली की धागा तुटला की माग आपोआप थांबेल. चूक झाली की तिथंच थांबायचं, ती दुरुस्त करायची, मगच पुढं जायचं. यंत्राला लावलेली ही शिस्त मुलानं पुढे अख्ख्या कारखान्याला लावली.

किइचिरो १९२० साली टोकियोच्या विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि १९२१ ला वडिलांच्या कंपनीत आले. इंग्लंडमधल्या ओल्डहॅम गावात प्लॅट ब्रदर्स ही त्या काळची मागाची नामांकित कंपनी होती. १९२२ साली तिथं जाऊन त्यांनी कारखान्यात काम कसं चालतं ते बारकाईनं बघितलं.

१९२४ साली टोयोडांचा जी-टाईप स्वयंचलित माग तयार झाला. माग न थांबवता त्यातला धोटा आपोआप बदलायचा. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीकडच्या लोकांना यातला फरक वेगळा सांगायला नको. पण विक्रीची घाई बाप-लेकांनी केली नाही. आधी कारिया गावात आपल्याच गिरणीत हे माग मोठ्या संख्येनं चालवून बघितले, दोष काढले आणि मग विकायला सुरुवात केली. पुढे १९२९ च्या डिसेंबरमध्ये त्याच प्लॅट ब्रदर्सनं या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेण्याचा करार केला. शिकायला गेलेल्या पोराकडून गुरूनंच विद्या विकत घ्यावी, तसा हा प्रकार.

मोटारीचं खूळ

त्या काळात जपानच्या रस्त्यावर अमेरिकी गाड्यांचं राज्य होतं. फोर्डनं १९२५ ला योकोहामात आणि जनरल मोटर्सनं १९२७ ला ओसाकात गाड्या जोडायला सुरुवात केली होती. जनरल मोटर्सनं १९२८ ला आपल्या मुंबईत शिवडीलाही असाच कारखाना काढला. सुटे भाग परदेशातून यायचे, इथं फक्त जोडणी व्हायची.

किइचिरो प्लॅटच्या करारासाठी परदेशी गेले तेव्हा अमेरिका आणि युरोपातले मोटार कारखाने बघून आले. आपण अख्खी गाडी जपानमध्ये बनवायची, हे त्यांनी मनाशी धरलं. १९३० च्या ऑक्टोबरमध्ये साकिची वारले. किइचिरो यांनी माग कारखान्याच्या एका कोपऱ्यात इंजिनाचे प्रयोग सुरू केले. कंपनीचे प्रमुख होते त्यांचे मेहुणे रिसाबुरो. मागाचा धंदा बरा चाललेला असताना मोटारीत पैसा घालणं त्यांना धोक्याचं वाटायचं. तरीही १९३३ च्या सप्टेंबरमध्ये मोटार विभाग सुरू झाला.

किइचिरो यांनी एक शेवरले गाडी विकत आणली आणि नटबोल्टापर्यंत सुटी केली. एकेक भाग मोजून त्यांची चित्रं काढली. खरा घाम फुटला तो इंजिनाच्या ब्लॉकला. बिडाचं असं पातळ, आतून पोकळ ओतकाम मागाच्या कारखान्यात कुणी केलेलं नव्हतं. ब्लॉकच्या आत पाणी फिरायला जागा ठेवावी लागते, त्यासाठी वाळूचा गाभा लागतो. तो फुटला की ब्लॉक वाया. कोल्हापूरच्या फौंड्रीत घाम गाळलेल्यांना ही डोकेदुखी माहीत असेल. शेकडो ब्लॉक भंगारात गेले. शेवटी १९३४ च्या सप्टेंबरमध्ये पहिलं इंजिन उभं राहिलं.

पहिला ट्रक आणि नाचक्की

किइचिरो यांना मनापासून बनवायची होती ती सामान्य माणसाची कार. पण बाजाराला आणि सरकारला ट्रक हवे होते. १९३५ च्या नोव्हेंबरमध्ये टोकियोत जी-वन ट्रक लोकांपुढं आला. या प्रदर्शनासाठी कारियाहून निघालेल्या ट्रकचा स्टिअरिंगचा एक भाग वाटेतच तुटला. दुरुस्ती करून कसाबसा तो टोकियोला पोचवला. किंमत अमेरिकी ट्रकपेक्षा थोडी कमी ठेवली होती.

विक्री सुरू झाल्यावर तक्रारींची रांग लागली. कुणाच्या ट्रकचं मागच्या ॲक्सलचं हाऊसिंग मोडायचं, कुणाचं आणखी काही. भर रस्त्यात माल भरलेला ट्रक उभा राहिला की त्या मालकाचं काय होतं, हे ज्यानं ऊस नाहीतर कांदा भरून गाडी लावलीय त्याला विचारा. लोक टोयोडांच्या ट्रकची टिंगल करायला लागले.

इथं कंपनी बसली असती. किइचिरो यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, बंद पडलेल्या ट्रककडे तातडीनं माणूस पाठवायचा आणि गाडी चालू करूनच परतायचं. मालक असूनही अनेकदा ते स्वतः तिथं पोचायचे, ट्रकखाली वाकून बघायचे. दुसरी, मोडलेला भाग नुसता बदलून सोडून द्यायचा नाही. तो का मोडला याचं मूळ शोधायचं आणि कारखान्यात पुढच्या ट्रकसाठी तो भागच सुधारायचा. विक्रीची बाजू सांभाळायला त्यांनी शोतारो कामिया यांना आणलं. कामिया आधी जपानमधल्या जनरल मोटर्समध्ये होते. ट्रक शक्यतो जवळपासच्या आणि धीर धरणाऱ्या गिऱ्हाइकांना द्यायचे, म्हणजे बिघाड झाला तर लगेच पोचता येईल, असा हिशेब होता.

मागाची तीच शिस्त इथं कामाला आली. धागा तुटला की थांबायचं. ट्रक मोडला की मुळापर्यंत जायचं.

सरकारी धोरणाचाही हातभार लागला, हे सांगायला हवं. १९३६ च्या कायद्यानं जपाननं परदेशी मोटार कंपन्यांना वेसण घातली. त्याच वर्षी कंपनीच्या चिन्हासाठी लोकांकडून रेखाटनं मागवली आणि टोयोडाचं टोयोटा झालं. २८ ऑगस्ट १९३७ ला टोयोटा मोटर कंपनी स्थापन झाली. १९३८ ला कोरोमो गावात मोठा कारखाना उभा राहिला. लागेल तेव्हा, लागेल तेवढाच माल आणायचा, ढीग लावायचा नाही, ही पद्धत किइचिरो यांनी तिथं सुरू केली. ढीग कमी असला की खराब भाग लपत नाही, लगेच उघडा पडतो. त्या कोरोमोचंच नाव पुढे १९५९ ला टोयोटा शहर झालं.

शब्द मोडला, खुर्ची सोडली

दुसऱ्या महायुद्धात कारखाना लष्करासाठी ट्रक बनवत राहिला. युद्ध हरल्यावर देश कंगाल झाला. १९४९ ला बाजारात पैसाच उरला नाही. विकलेल्या गाड्यांचे हप्ते येईनात, पगार थकले. टोयोटा बुडायच्या काठावर आली.

कामगारांना काढणार नाही, असा शब्द किइचिरो यांनी युनियनला दिला होता. पण बँकांनी कर्ज देताना खर्चकपातीचा आग्रह धरला. १९५० च्या एप्रिलमध्ये सुमारे १,६०० जणांनी स्वेच्छेनं नोकरी सोडावी, असा प्रस्ताव कंपनीला मांडावा लागला. दोन महिने संप चालला. अखेर जून १९५० मध्ये किइचिरो यांनी जबाबदारी घेऊन अध्यक्षपद सोडलं. आपण माणसं घरी पाठवायची आणि स्वतः खुर्चीत बसायचं, हे त्यांना जमलं नाही.

नशिबाचा खेळ बघा. त्याच महिन्यात, २५ जूनला कोरियाचं युद्ध पेटलं. अमेरिकी लष्कराला ट्रक हवे होते आणि टोयोटाकडे ऑर्डर आल्या. कंपनी वाचली, पण ज्यांनी ती उभी केली ते बाहेर होते.

१९५१ मध्ये टोयोटानं चारही चाकं ओढणारी जीपसारखी गाडी बनवली. नाव बीजे. तिच्यात सहा सिलिंडरचं ट्रकचं इंजिन होतं, आणि त्याचं मूळ १९३४ च्या त्या पहिल्या इंजिनात होतं. जुलै १९५१ मध्ये ही गाडी फुजी पर्वतावर सहाव्या टप्प्यापर्यंत चढवली गेली. १९५४ ला तिला लँड क्रूझर हे नाव मिळालं. वाळवंटात आणि डोंगरात टिकणारी गाडी म्हणून टोयोटाचं नाव जगभर झालं ते हिच्यामुळे.

१९५२ मध्ये किइचिरो यांना पुन्हा अध्यक्ष करायचं ठरत होतं. पण २७ मार्च १९५२ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. वय अवघं ५७. संपूर्ण जपानी बनावटीची क्राऊन ही कार आली १९५५ ला. जिच्यासाठी आयुष्य घातलं, ती गाडी त्यांना बघायला मिळाली नाही.

महाराष्ट्राशी धागा

सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगराचा कारखाना वाढवला. त्याच किर्लोस्कर घराण्याबरोबर टोयोटानं १९९७ मध्ये बंगळुरूजवळ बिडदीला भागीदारी केली. आधी क्वालिस आली, २००५ ला इनोव्हा आणि २००९ ला फॉर्च्युनर.

तरी नावावर डोळे मिटून भरवसा ठेवू नये. २००९-१० मध्ये याच टोयोटाला जगभरातून लाखो गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. किइचिरो यांचे नातू अकिओ टोयोडा यांनी अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढं माफी मागितली. आजोबांची शिस्त सुटली की बोधचिन्ह वाचवत नाही.

गाडी घेताना काय घ्यायचं

किइचिरो यांच्या धडपडीतून गाडी घेणाऱ्यानं चार गोष्टी घ्याव्यात. कंपनी कुठलीही असो, त्या लागू पडतात.

पहिली, जुन्या गाडीची चमक बघू नका, वही बघा. कुठल्या किलोमीटरला काय काम झालं याची सर्व्हिसची नोंद मागा. मीटर मागे फिरवता येतो. सर्व्हिस सेंटरमधली नोंद लपवणं अवघड जातं. एकच भाग दोन-तीनदा बदललेला दिसला, तर मूळ दुखणं तसंच आहे असं समजा.

दुसरी, इंजिन थंड असताना सकाळी गाडी बघा. मालकानं आधीच तापवून ठेवलेली गाडी अर्धी परीक्षा देऊन बसलेली असते. धूर कोणत्या रंगाचा येतो, चेसिसला वेल्डिंग किंवा गंज आहे का, हे मिस्त्रीला खाली वाकून बघायला सांगा. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, तेही तपासा.

तिसरी, नवीन मॉडेल बाजारात आलं की पहिल्याच खेपेला उडी मारू नका. जी-वनसारखे पहिल्या लॉटचे दोष सुधारायला वेळ लागतो. वर्षभर थांबलं तर पैसा आणि डोकं दोन्ही वाचतं. आणि घेण्याआधी तालुक्याच्या गावात त्या गाडीचे पार्ट मिळतात का, हात लावणारा मिस्त्री आहे का, हे विचारा. बिघाड कुठल्याही गाडीत होतो. तो झाल्यावर माणूस किती लवकर पोचतो, यावर गाडीची खरी किंमत ठरते.

चौथी गोष्ट गाडी घेतल्यावरची. डॅशबोर्डवर ऑईलचा किंवा इंजिनाचा दिवा लागला की अनेकजण घरापर्यंत जाऊ म्हणून तशीच दामटतात. ऑईलचा लाल दिवा लागल्यावर पाच-दहा किलोमीटर पळवलेलं इंजिन लाखाचा खर्च काढू शकतं. साकिचींचा माग शंभर वर्षांपूर्वी धागा तुटला की थांबायचा. तुमची गाडीही तेच सांगत असते. तिथंच थांबा.