रोग आधी ओळखणारा माणूस : लुई पाश्चर आणि रेशीमकिड्यांची पाच वर्षे

लुई पाश्चर हे नाव उच्चारले की सर्वसामान्य वाचकाला दोन गोष्टी आठवतात. दुधाच्या पिशवीवरचा ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची लस. १८६५ ते १८७० या काळात दक्षिण फ्रान्समधील तुतीच्या मळ्यांत त्यांनी केलेले काम मात्र एखाद-दुसऱ्या ओळीत उरकले जाते. वास्तविक आज कोकणातला किंवा आंध्रच्या किनाऱ्यावरचा कोळंबी संवर्धक तळ्यात बीज सोडण्यापूर्वी ते तपासून घेतो, तेव्हा तो नकळत याच कामाचा वारसा चालवत असतो.

पाण्यातल्या जिवांच्या रोगाची अडचण विचित्र आहे. गाय आजारी पडली तर चारा सोडते, कोंबडी मान टाकते. तळ्यातला मासा किंवा कोळंबी तर नजरेलाच पडत नाही. ती काठाशी येऊन मरू लागली की रोग कळतो. पण तोवर वेळ गेलेली असते. भारतात १९९४ च्या सुमारास पोहोचलेल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात लक्षणे दिसल्यापासून तीन ते दहा दिवसांत अख्खे तळे रिकामे होऊ शकते. औषध नाही. उपाय एकच, रोगट बीज तळ्यात येऊच द्यायचे नाही. दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्समधला रेशीम शेतकरी नेमक्या याच कोंडीत सापडला होता.

१८५३ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे २६,००० टन रेशीमकोष निघाले होते. १८६५ मध्ये हा आकडा ४,००० टनांवर आला. किड्यांच्या अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके पडत, म्हणून त्या भागातल्या बोलीतील मिरीच्या नावावरून रोगाला पेब्रिन हे नाव मिळाले. साडेतीन हजारांहून अधिक महापौर आणि जमीनदारांनी सिनेटकडे दाद मागितली. ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञ आणि सिनेटर जाँ-बाप्टिस्ट द्युमा हे मूळचे त्याच भागातील आलेस गावचे. त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्याला गळ घातली.

हा विद्यार्थी म्हणजे पाश्चर. २७ डिसेंबर १८२२ रोजी दोल या गावी जन्म, वडील चामडे कमावणारे आणि नेपोलियनच्या सैन्यातले निवृत्त सार्जंट. टार्टारिक आम्लाच्या स्फटिकांवरील १८४८ च्या संशोधनाने आणि पुढे किण्वनावरील कामाने त्यांनी नाव कमावले होते. पण रेशीमकिड्याला त्यांनी कधी हातसुद्धा लावला नव्हता. आलेसला जाताना ते आव्हिन्यों येथे कीटकशास्त्रज्ञ जाँ-आंरी फाब्र यांना भेटले. फाब्र यांनी पुढे लिहून ठेवल्याप्रमाणे, पाश्चरांनी हातातला कोष कानाशी धरून हलवला आणि आत काही आहे का असे आश्चर्याने विचारले. आत कोशावस्थेतला कीटक असतो, हे त्यांना तेव्हा कळले! एवढे अज्ञान असूनही जाहीरपणे कामाला लागण्याचे धैर्य थोड्यांकडेच असते.

या पाच वर्षांनी त्यांच्याकडून वसूल केलेली किंमत थक्क करणारी आहे. जून १८६५ मध्ये आलेसला पोहोचून आठवडा उलटतो तोच वडील आजारी असल्याची तार आली. ते घरी पोहोचण्यापूर्वीच वडील गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात दोन वर्षांची कामिय दगावली. मे १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसिल विषमज्वराने गेली. थोरली मुलगी झान १८५९ मध्ये त्याच रोगाने गेलेली होती. तरीही दरवर्षी संगोपनाचा हंगाम आला की पाश्चर आलेसजवळच्या पाँ-गिस्के येथील घरात हजर असत. पत्नी मारी आणि उरलेली मुलगी मारी-लुईझ याही किडे सांभाळायला शिकल्या.

रोगट किड्यांच्या शरीरात सूक्ष्मदर्शकाखाली चकाकणारे लंबगोल कण दिसतात, हे इटालियन संशोधकांनी आधीच नोंदवले होते. अंडी तपासून निवडावीत, अशी कल्पनाही इटलीत मांडली गेली होती; मात्र ती व्यवहारात उतरली नव्हती. पाश्चर सुरुवातीला या कणांना रोगाचे कारण मानायलाच तयार नव्हते. ते परोपजीवी आहेत असे आंत्वान बेशाँ त्यांच्या आधीपासून सांगत होते आणि या बाबतीत त्यांचे म्हणणे बरोबर होते. पाश्चरांच्या चरित्रकारांनी बेशाँ यांना न्याय दिला नाही, असे म्हणावे लागते. सहकारी जेर्नेझ यांच्या प्रयोगांनंतर, १८६७ च्या सुमारास पाश्चरांनी मत बदलले.

मात्र कारणाबद्दल गोंधळ असतानाही त्यांनी कसोटी अचूक शोधली होती. अंड्यात किंवा लहान अळीत कण सापडले नाहीत, तरी ती निरोगी असल्याची खात्री नसे. रोग लपून राही आणि पतंगावस्थेत उघडा पडे. तेव्हा अंड्याऐवजी आईच तपासायची! प्रत्येक मादीला कापडाच्या वेगळ्या तुकड्यावर अंडी घालू द्यायची. नंतर तिला त्याच कापडाच्या कोपऱ्यात टोचून ठेवायचे. सवडीने ती खलात थोड्या पाण्याबरोबर वाटायची आणि त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. कण दिसले तर कापडासकट अंडी जाळायची, नसले तर पुढच्या हंगामाला ठेवायची. शेतकऱ्याला सूक्ष्मदर्शक कसा झेपणार, अशी शंका घेणाऱ्यांना पाश्चर आपल्या प्रयोगशाळेतल्या आठ वर्षांच्या मुलीचा दाखला देत. ती हे काम सहज करीत असे.

शेतकऱ्याचा विश्वास बसण्यासाठी त्यांनी भविष्य वर्तवले. १८६६ मध्ये चौदा वाणांचे पतंग तपासून त्यांच्या अंड्यांचे पुढच्या वर्षी काय होईल, हे लिहून पाकीट मोहोरबंद केले आणि सँ-इपोलितच्या महापौरांकडे ठेवायला दिले. १८६७ मध्ये पाकीट उघडले तेव्हा चौदापैकी बारा अंदाज तंतोतंत उतरले होते. दरम्यान फ्लाशरी हा दुसराच रोग पेब्रिनमध्ये मिसळलेला असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. त्याचे कोडे त्यांना पूर्ण सुटले नाही.

१९ ऑक्टोबर १८६८ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, पाश्चरांना पक्षाघाताचा झटका आला. डावा हात आणि पाय कायमचे अधू झाले. काही दिवसांतच त्यांनी अंथरुणावरून अंडी निवडीविषयीचे टिपण सांगून लिहवून घेतले. जानेवारी १८६९ मध्ये ते पुन्हा दक्षिणेत होते. लिओनचे रेशीम मंडळ साशंक होते. त्यांना पाश्चरांनी चार वाण पाठवले आणि सोबत निकालही कळवला. पहिला निरोगी निघेल, दुसरा पेब्रिनने मरेल, तिसरा फ्लाशरीने आणि चौथा दोन्हींनी. झालेही तसेच. मग राजघराण्याच्या त्रिएस्तेजवळील मळ्यात हीच पद्धत वापरली गेली आणि दहा वर्षांत प्रथमच तिथे नफा झाला. १८७० मध्ये या संशोधनाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

फ्रान्सचे रेशीम मात्र जुन्या वैभवाला पोहोचले नाही. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला होता आणि आशियातले स्वस्त रेशीम येऊ लागले होते. पाश्चर पुढे अँथ्रॅक्स आणि रेबीजच्या लसीकडे वळले, १८८८ मध्ये त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली आणि २८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचे निधन झाले. रेशीमकिड्यांनी त्यांना रसायनाकडून रोगाकडे वळवले, ही गोष्ट या लसींच्या झगमगाटात विसरली जाते.

भारतातील अंडीपुंज निर्मिती केंद्रांत आजही मादी पतंग वाटून तपासली जाते. कोळंबीच्या हॅचरीतही अंडी घेण्यापूर्वी मादीची चाचणी होते. तत्त्व तेच, फक्त सूक्ष्मदर्शकाऐवजी विषाणूचे जनुक शोधणारे यंत्र आले आहे. योगायोग असा की, २००९ मध्ये थायलंडमधील कोळंबीत वर्णन झालेला आणि नंतर भारतातही पसरलेला ईएचपी हा परोपजीवी पेब्रिनच्याच कुळातला, मायक्रोस्पोरिडिया गटातला आहे. तो कोळंबीला सहसा मारत नाही, पण तिची वाढ खुंटवतो. खाद्याचा खर्च चालू राहतो आणि माल भरत नाही. पेब्रिनचा कण तीन-चार मायक्रॉन लांब, तर ईएचपीचा जेमतेम एक मायक्रॉन. एवढा लहान कण साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हमखास ओळखता येत नाही. म्हणून त्याच्यासाठी २००० साली जपानी संशोधकांनी मांडलेली लॅम्प पद्धत उपयोगी पडते. साधारण ६०-६५ अंश सेल्सिअसच्या एकाच स्थिर तापमानात ती तासाभरात उत्तर देते आणि तिला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. काही संचांत निकाल कागदाच्या पट्टीवरच्या रेघेवरून वाचता येतो.